पॅड बदलले तरी पुढचा ब्रेक परत परत चिकटतोय? आधी आतलं पॅड बघा

माझी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, पुढे डिस्क (चाकाबरोबर फिरणारी चकती, तिच्यावर पॅड दाबले की चाक थांबतं) मागे ड्रम, आणि हिच्या पुढच्या डाव्या ब्रेकने मला दोन वर्षं अक्षरशः पिदडलंय. पॅड बदलले की चार-सहा महिने गाडी गप्प, मग हळूच चूंऽऽ असा आवाज, मग वास, मग परत गॅरेज. तीनदा झालं हे. शेवटी जे सापडलं ते इतकं किरकोळ होतं की सांगायलाच लाज वाटते, पण नंतर ओळखीतल्या दोघांच्या गाडीला तेच निघालं म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी राहतो पुण्यात सिंहगड रोडला, गाव चिपळूणजवळ. म्हणजे महिन्यातून एकदा उंब्रजला वळून पाटण, कोयनानगर, हेळवाक आणि मग कुंभार्ली घाट उतरायचा. ज्यांनी पावसात कुंभार्ली उतरलाय त्यांना वेगळं सांगायला नको, धुकं, वळणं आणि वळणावर समोरून अचानक उगवणारा ट्रक. बाकी दिवस सिटीत, म्हणजे अर्धा वेळ ब्रेकवरच पाय. थोडक्यात ब्रेकला या गाडीत सुट्टी अशी नाहीच.

पहिल्यांदा आवाज आला तेव्हा मी मोठ्या शहाणपणाने अलॉयच्या फटीतून मोबाईलचा टॉर्च मारून पॅड बघितलं. चांगलं पाच-सहा मिलीमीटर दिसत होतं. नवं पॅड साधारण १० ते १२ मिलीमीटर असतं आणि ३ च्या आसपास आलं की बदलायचं, एवढं माहीत होतं, म्हणून म्हटलं अजून भरपूर आहे, धूळ गेली असेल. इथेच फसलो. चाकाच्या फटीतून दिसतं ते फक्त बाहेरचं पॅड. डिस्कच्या मागच्या बाजूला आणखी एक पॅड असतं, ते चाक काढल्याशिवाय नीट दिसतच नाही, आणि माझं नेमकं तेच पत्र्यापर्यंत घासलं होतं. गॅरेजवाल्याने पॅडचा सेट बदलला, पैसे घेतले, विषय संपला. एक पॅड अर्धं शिल्लक आणि दुसरं संपलेलं असं का, हे त्याने सांगितलं नाही आणि मला विचारायचं सुचलं नाही.

आता तो चूंऽऽ आवाज. बऱ्याच पॅडला एक पातळ पत्र्याची जीभ लावलेली असते, पॅड संपत आलं की ती डिस्कला टेकते आणि शिट्टी वाजवते, मुद्दामच तशी बनवलेली असते ती. म्हणजे शिट्टी आली की पॅड मागवा, अजून थोडे दिवस आहेत. पण शिट्टी जाऊन खर्र खर्र असा जाडा आवाज यायला लागला तर तो लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज, तिथे "रविवारी बघू" करू नका, डिस्कला चरे पडले की पॅडच्या कितीतरी पट खर्च. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा, पावसाळ्यात रात्रभर गाडी उघड्यावर उभी असेल तर सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर येतेच, डिस्कवर गंजाचा पातळ थर चढतो तो घासून जातो. गल्लीच्या टोकापर्यंत आवाज गेला तर काही नाही, दिवसभर राहिला तर आहे.

दुसऱ्या वेळी आवाजाआधी गाडी डावीकडे ओढायला लागली. जरा स्टिअरिंग सोडलं की डावीकडे. मी अलाइनमेंट केली. पंधरा दिवसांनी परत ओढतेय म्हणून परत अलाइनमेंट केली, टायर पुढचे मागे केले, हवा तपासली, सगळं झालं. ब्रेक कोणाच्याच डोक्यात आला नाही कारण गाडी ब्रेक न दाबता ओढत होती. हे जरा नीट समजून घ्या, मला समजायला वर्ष लागलं. ब्रेक न दाबताच गाडी एका बाजूला जात असेल तर त्या बाजूचा ब्रेक धरून बसलेला असू शकतो. आणि ब्रेक दाबल्यावरच ओढत असेल तर बहुतेक वेळा उलटं, ज्या बाजूला ओढते तिकडचा ब्रेक नीट लागतोय आणि दुसऱ्या बाजूचा कमी लागतोय. दोन्हीत टायर आणि अलाइनमेंटची शक्यता असतेच, पण अलाइनमेंट करूनही परत तेच होत असेल तर तिसऱ्यांदा पैसे देऊ नका.

यासाठी सगळ्यात सोपी चाचणी म्हणजे गरम चाक. मोकळ्या रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर शक्यतो ब्रेक न मारता जा, शेवटी गाडी हळू करत थांबवा, उतरा आणि चारही चाकांजवळ तळवा न्या, जवळ न्या म्हणतोय, लावू नका. एक चाक भट्टीसारखं फेकत असेल तर तिथे ब्रेक धरतोय. माझ्याकडे नंतर ते बंदुकीसारखं तापमान मोजायचं यंत्र आलं, त्याने डिस्क बघितली तर उजवी ६० अंशांच्या आसपास आणि डावी १५० च्या वर, तेव्हा शंका उरलीच नाही. वासही येतो, क्लच जळाल्यासारखाच पण जरा जास्त झोंबणारा. शिवाय ॲव्हरेज पडतं, आणि सपाट रस्त्यावर न्यूट्रलला टाकल्यावर गाडी लवकर थांबते, कोणीतरी मागून दोरीने धरल्यासारखी. आणि त्या एकाच चाकाच्या अलॉयवर काळी पूड जास्त बसते, धुताना रोज दिसत होती मला ती, पण दिसणं आणि कळणं वेगळं.

तिसऱ्या वेळी दुसऱ्या गॅरेजला गेलो. तो बरा होता, त्याने कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) काढून तो ज्यांवर सरकतो त्या पिना साफ केल्या आणि ग्रीस लावलं. म्हटलं चला, मूळ सापडलं. एक पावसाळा गेला आणि परत.

मग गणपतीला जाताना कुंभार्लीत पोफळीच्या आधी गाडीतून असा वास आला की बायको म्हणाली काहीतरी पेटलंय. थांबवली, बघतो तर डाव्या पुढच्या चाकातून हलका धूर. अर्धा तास गाडी थंड केली. इथे एक सांगतो, बाटलीतलं पाणी ओतायचा मोह होतो, ओतू नका, तापलेल्या डिस्कवर एकदम गार पाणी पडलं की ती वाकायची किंवा तिला तडा जायची भीती असते. वारा लागू द्या, हँडब्रेक ओढण्याऐवजी गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा. मग पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रखडत चिपळूण गाठलं.

तिथला मेकॅनिक वयस्कर माणूस, शेड म्हणजे चार पत्रे आणि समोर फणसाचं झाड. त्याने चाक काढलं, जुने पॅड हातात घेऊन दोन्ही माझ्यासमोर धरले, एक पत्रा आणि एक जवळजवळ अर्धं. म्हणाला, "दादा, पॅड कितींदा बदलाल? हे असं एकच का खाल्लं ते विचारलंत का कोणाला?" मग कॅलिपरची खालची पिन ओढायला गेला तर ती येईना. पकडीत धरून फिरवत फिरवत काढली. पिनेच्या टोकाला एक छोटी रबरी नळी असते, ती भिजत घातलेल्या वाटाण्यासारखी फुगून टम्म झालेली. त्याने ग्रीस बोटावर घेऊन वास घेतला आणि हसला. "हे बेरिंगचं ग्रीस आहे. हे रबराला चालत नाही, रबर फुगतं. लावणाऱ्याने चांगलंच म्हणून लावलं, पण ब्रेक त्यानेच धरला."

आता हे नेमकं काय होतं ते माझ्या भाषेत. बहुतेक साध्या गाड्यांत कॅलिपरला पिस्टन एकच असतो आणि तो आतल्या बाजूला. ब्रेक दाबला की पिस्टन आतलं पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच धक्क्याने अख्खा कॅलिपर दोन पिनांवरून उलटा सरकतो आणि बाहेरचं पॅड दुसऱ्या बाजूने ओढून लावतो. म्हणजे कॅलिपर मोकळा सरकला तरच दोन्ही पॅड सारखी झिजणार. पिन जाम झाली की कॅलिपर सरकत नाही, सगळं काम आतलंच पॅड करतं, आणि सोडल्यावरही जागेवर परत येत नाही म्हणून घासत राहतं. नवे पॅड टाकले की काही महिने सगळं ठीक वाटतं कारण पॅड जाड असतात, पण रोग तिथेच. पॅड फक्त त्याचे बळी.

त्याने काय केलं तर पिनांची भोकं साफ केली, नवी पिन, नवे रबर बूट, नवीन रबरी नळी आणि सिलिकॉनचं ब्रेकचं ग्रीस, अगदी थोडं, थापून नाही. पिनांचं किट पाचशे रुपयांच्या आत होतं. जुना बूट एका बाजूने फाटलेला होता, कोकणातला पाऊस आणि लाल माती तिथूनच आत जात होती. आणि एक बारीक गोष्ट, रबरवाली पिन वर की खाली हे गाडीगाडीत ठरलेलं असतं, अदलाबदल करून बसवली तर बसते, पण मग त्रास देते. काढताना मोबाईलवर फोटो काढून ठेवा, हा माझा सल्ला प्रत्येक नटबोल्टला लागू आहे.

पण तुमच्या गाडीत पिना मोकळ्या असतील आणि तरी ब्रेक धरत असेल तर? मग पिस्टन जाम असेल किंवा ब्रेकच्या रबरी पाइपात गडबड. हे ओळखायची युक्तीही त्यानेच दाखवली. चाक जॅकवर उचलायचं, आणि नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही, खाली भक्कम स्टँड पाहिजेच. ब्रेक दाबून सोडायचा आणि चाक हाताने फिरवायचं. थोडंसं सर्र घासलेलं चालतं, पण फिरलं पाहिजे. फिरत नसेल तर कॅलिपरवरचं हवा काढायचं निप्पल जरासं ढिलं करायचं. थोडं ब्रेक ऑइल (पेडलचा दाब चाकापर्यंत नेतं ते) येऊन चाक लगेच मोकळं झालं तर दाब अडकून राहत होता, म्हणजे संशय पाइपवर किंवा वर मास्टर सिलिंडरवर, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल ढकलतो त्या भागावर. रबरी पाइप बाहेरून चकचकीत दिसतो पण आतून सोलला जातो आणि झडपेसारखा वागतो, ऑइल जायला देतो, परत येऊ देत नाही. निप्पल ढिलं करूनही चाक अडकलेलंच असेल तर पिन किंवा पिस्टन. यानंतर हवा काढून ऑइल भरावं लागतं, तेव्हा सवय नसेल तर हे मेकॅनिकसमोर करा, पण त्याला करायला नक्की सांगा, दोन मिनिटांचं काम आहे आणि अंदाजाने पार्ट बदलण्यापेक्षा स्वस्त.

आता बाकीची लक्षणं, जी मला झाली नाहीत पण घरच्या-दारच्यांच्या गाड्यांत बघितलीत.

पेडल. याकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात कारण पायाला सवय होऊन जाते. पेडल रोज थोडं थोडं खाली जातंय हे कळतच नाही, दुसऱ्याने गाडी चालवली की तो ओरडतो. स्पंजसारखं मऊ लागत असेल आणि दोन-तीनदा मारल्यावर घट्ट होत असेल तर लाइनमध्ये हवा. सिग्नलला उभं असताना एकसारखं दाबून धरलं आणि पेडल हळूहळू खाली बुडत गेलं तर कुठेतरी लीक किंवा मास्टर सिलिंडरमधलं रबर गेलेलं, अशी गाडी घाटात नेऊ नका, चालवतच नेऊ नका. आणि उलट पेडल दगडासारखं कडक झालं तर बूस्टर (इंजिनच्या व्हॅक्यूमवर पायाला जोर देणारा डबा) किंवा त्याचा व्हॅक्यूम पाइप बघा. घरी तपासायचं तर इंजिन बंद ठेवून चार-पाचदा पेडल मारा, कडक होईल, मग पाय दाबून ठेवून स्टार्टर मारा, पेडल पायाखाली जरा खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर बूस्टरकडे व्हॅक्यूम पोचत नाही.

ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरत असेल तर पुढच्या डिस्क, सीट किंवा नुसतं पेडल थरथरत असेल तर मागचे ड्रम बघायला सांगा. लोक डिस्क लेथवर घासून घेतात, चालतं, पण डिस्कवरच कमीत कमी जाडी कोरलेली असते, ती वाचून मगच. त्याच्या खाली गेली की डिस्क फेकायची. एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत मात्र कचकन ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली धडधडतं, तो बिघाड नाही, तेव्हा पाय सोडायचा नाही, दाबूनच ठेवायचा. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या कारला एबीएस सक्तीचं झालंय, माझी त्याआधीची, मला नाही. एबीएसचा पिवळा दिवा लागून राहिला तर साधा ब्रेक सहसा चालू असतो पण चाक लॉक होऊ शकतं. ब्रेकचा लाल दिवा लागला तर आधी हँडब्रेक सुटलाय का बघा, सुटला असेल तर गाडी बाजूला घ्या आणि बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी बघा.

ऑइलची पातळी हळूहळू कमी होणं हे पॅड झिजल्याचंच लक्षण असतं, पिस्टन बाहेर येतात तशी तिकडची जागा भरायला ऑइल खाली जातं. म्हणून नुसतं वरून ओतून मोकळे होऊ नका, पॅड बघा. आणि दोन-चार दिवसांत पातळी उतरत असेल तर लीक, चाकाच्या आतल्या बाजूला टायर ओलसर दिसतो का बघा. ब्रेक ऑइल बॉडीवर सांडलं तर रंग खातं, लगेच पाण्याने धुवा. आणि अडीअडचणीला म्हणून त्या डबीत इंजिन ऑइल चुकूनही टाकू नका, सगळी रबरं फुगतात, माझी एक पिनेची फुगली तर एवढं रामायण.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं असतं हे मी पण इतकी वर्षं थट्टेवारी नेलं. ते हवेतलं पाणी शोषतं, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात हवेत पाण्याशिवाय असतं काय. डॉट ३ (डबीवर लिहिलेला ऑइलचा दर्जा) चं ताजं ऑइल किमान २०५ अंशाला उकळतं, पाणी शिरलं की १४० पर्यंत येतं. डॉट ४ चं २३० आणि पाणी शिरल्यावर १५५. आता माझ्या डाव्या डिस्कचा आकडा आठवा, सपाट रस्त्यावर १५० च्या वर होती ती. ऑइल काही डिस्कइतकं तापत नाही, पण घाटात एकसारखा ब्रेक धरून ठेवला की तिथवर जायला वेळ लागत नाही. ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल फळीला टेकतं तरी गाडी थांबत नाही. खाली पोचून गाडी थंड झाली की पेडल परत एकदम नॉर्मल, त्यामुळे माणूस म्हणतो भास झाला असेल, आणि पुढच्या घाटाला परत तेच. चहासारखं काळपट झालं असेल तर नक्की बदला, पण स्वच्छ दिसलं म्हणून चांगलं असं नाही.

घाट ज्या गिअरवर चढतो त्याच गिअरवर उतरायचा, हे जुने एसटीवाले सांगतात ते उगाच नाही. ब्रेक दाबून सोडायचा, दाबून सोडायचा, पाय ठेवून बसायचं नाही. ऑटोमॅटिक असेल तर खालच्या गिअरला अडकवायची. आणि न्यूट्रल तर नाहीच नाही, कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणाऱ्या ट्रकांचं काय होतं ते पुण्यात राहणाऱ्यांना पेपर उघडला की दिसतंच. तरीही पेडल गेलंच तर भराभर पंप करा, गिअर एकेक करून खाली आणा, हँडब्रेक हळूहळू ओढा, झटक्यात नाही, आणि इंजिन बंद करू नका, बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंगची साथ त्यावरच आहे.

चिपळूणला केलेल्या कामाला आता दोन पावसाळे झाले, २६ हजार किलोमीटर. दर दहा हजाराला चाक काढून बघतो, मागच्या महिन्यात दोन्ही पॅड पट्टीने मोजले तर आतलं सात आणि बाहेरचं सात. अलाइनमेंटवाला ओळख विसरला. फक्त परवापासून मागच्या उजव्या ड्रममधून हँडब्रेक सोडताना टक् असा आवाज येतोय, लायनर (ड्रममधलं पॅडसारखं घासणारं अस्तर) आहे की स्प्रिंग ते रविवारी उघडल्यावर कळेल.